तेलविहिरींवरचा मिथेन : कागदावरचा आणि हवेतला

माणदेशी_मिडलंड | रविवार, २२:१०

मंडळी, बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होतो, आज सुट्टी आहे आणि बाहेर धुळीचं वादळ आहे तर बसलोच. मागे एका धाग्यावर कोणीतरी विचारलं होतं की तू तिकडे टेक्सासात नक्की करतोस काय, तेव्हा 'गळती शोधतो' एवढंच सांगून सटकलो होतो.

तर मी पर्मियन बेसिनमध्ये असतो, म्हणजे पश्चिम टेक्सास आणि न्यू मेक्सिकोचा आग्नेय कोपरा. नजर जाईल तिकडे बाभळीसारखी मेस्किटची झुडपं आणि मान वर-खाली करणारे पंपजॅक (तेल उपसणारे पंप), बाकी आमच्या दहिवडी-म्हसवडसारखंच कोरडं ठाक. काम एलडीएआरचं, गळती शोधा आणि दुरुस्त करवून घ्या. कंपनी कंत्राटदार आहे, तेलवाले आम्हाला बोलावतात (नियम आहे म्हणून बोलावतात, प्रेमाने नाही).

हत्यार म्हणजे एक इन्फ्रारेड कॅमेरा, बऱ्यापैकी चारचाकी येईल एवढ्या किमतीचा. मिथेनला रंग नाही वास नाही, पण ३.३ मायक्रॉनच्या आसपासचा प्रकाश तो शोषतो, कॅमेरा नेमका तेवढाच पट्टा बघतो. चालू केला की आतला सेन्सर थंड व्हायला काही मिनिटं लागतात, तोवर गाडीत एसी लावून बसायचं. मग स्क्रीनवर सगळं करडं करडं दिसतं आणि जिथे गळतंय तिथून धूर निघाल्यासारखा लोट हलताना दिसतो. डोळा कॅमेऱ्यावरून काढला की समोर नुसती साधी टाकी, काहीच नाही. सहा वर्षं झाली तरी ते बघून अजून चमकायला होतं मला.

गेल्या आठवड्यातली गोष्ट. सहा टाक्यांची बॅटरी (म्हणजे तेल साठवायच्या टाक्यांची रांग), एका टाकीच्या वरचं झाकण, त्याला इकडे थीफ हॅच म्हणतात, पंपर (म्हणजे रोज फेरी मारणारा माणूस) त्यातून टेप सोडून तेलाची पातळी बघतो. झाकण बंद होतं. पण खालचा रबरी गॅस्केट उन्हाने तडकलेला, कुकरची रिंग सैल झाली की शिट्टीऐवजी कडेने वाफ जाते तसा सगळीकडून गॅस चाललेला, लोट शेजारच्या टाकीच्या पार पलीकडे. पंपरला कॅमेऱ्यात दाखवलं तर तो म्हणाला, मी रोज इथे उभा राहतो आणि मला आज कळतंय. गॅस्केटची किंमत विचाराल तर घरी चार जण पिझ्झा खायला गेलो तर त्याहून कमी.

आता ज्यासाठी धागा काढला ते. ही टाकी किती गॅस सोडते हे कागदावर आधीच लिहिलेलं असतं! कसं? आपल्याकडे गावात दुधाचा आकडा काढायचा म्हणून म्हशी मोजायच्या, एका म्हशीला सरासरी एवढं दूध असं गुणायचं आणि अहवाल पाठवून द्यायचा, धार कोणी काढायचीच नाही, तसं. एवढे व्हॉल्व्ह, एवढे फ्लँज (पाइपांचे जोड), एवढे कंप्रेसर, गुणिले फॅक्टर. याला एमिशन फॅक्टर म्हणतात. देशाचा आकडासुद्धा वर्षानुवर्षं मुख्यतः असाच निघाला.

मग २०१८ मध्ये 'सायन्स'मध्ये एक मोठा अभ्यास आला, जमिनीवरून मोजलं, विमानातून पडताळलं, आणि अमेरिकेच्या तेल-वायू साखळीतून वर्षाला १ कोटी ३० लाख टन मिथेन जातो असं निघालं. उत्पादनाच्या २.३ टक्के. सरकारी (ईपीए म्हणजे इथल्या पर्यावरण खात्याच्या) आकड्यापेक्षा ६० टक्के जास्त. म्हशी मोजून काढलेला हिशोब का चुकला तर सरासरी म्हैस अशी नसतेच इथे. शंभरातल्या पाच गळत्या निम्मा गॅस सोडतात. बाकी ९५ नळ थेंब थेंब गळतायत आणि गच्चीवरची टाकी ओव्हरफ्लो होतेय, आणि आपण थेंब मोजतोय.

प्रश्न विचारा, जमेल तसं उत्तर देतो. ऑपरेटरांची नावं विचारू नका, पोटावर पाय येईल.

गणिताचा_मास्तर | रविवार, २२:५५

धागा आवडला. म्हशीचं उदाहरण वर्गात वापरणार, परवानगी गृहीत धरतो. एक शंका, कुठे मिथेन उष्णता धरण्यात कार्बन डायऑक्साइडच्या २८ पट लिहितात, कुठे ८० पट. नक्की किती? पोरं विचारतात.

माणदेशी_मिडलंड | रविवार, २३:२०

सर, दोन्ही बरोबर. शंभर वर्षांचा हिशोब धरला तर २८ ते ३०, वीस वर्षांचा धरला तर ८० च्या वर. मिथेन हवेत सरासरी १२ वर्षं टिकतो. कडबा आणि लाकडाचा ओंडका, कडबा भसकन पेटतो घर तापवतो आणि संपतो, ओंडका रात्रभर. ज्याला आकडा लहान दाखवायचाय तो शंभरवाला घेतो, बाकी तुम्ही सुज्ञ आहात.

आणि म्हणूनच गॅस कोळशापेक्षा स्वच्छ हे वाक्य गळतीवर टांगलेलं आहे. विजेसाठी कोळशाऐवजी गॅस जाळला तर पहिल्या दिवसापासून फायदा हवा असेल तर गळती ढोबळमानाने ३ टक्क्यांच्या आत पाहिजे. सरासरी २.३ आणि पर्मियनचं उपग्रहावरून २०२० मध्ये काढलेलं ३.७. बघा म्हणजे.

ठोकळेबाज | सोमवार, ०८:०५

चला, गोऱ्यांना आता गॅस दिसायला लागला. दीडशे वर्षं तेल उपसलं तेव्हा कॅमेरा नव्हता वाटतं. आता कॅमेरा घेऊन आपल्या गायी-म्हशींच्या मागे लागतील, लिहून ठेवा. ग्लासगोत ती मिथेन कमी करायची शपथ घेतली त्यात भारत नाही, आणि नाही तेच बरं केलं.

हेलिकॉप्टर_१४ | सोमवार, ०९:३०

ठोकळेबाज, तुमचा राग कळतो पण दोन गोष्टी एकत्र केल्यात. २०२१ च्या ग्लासगोच्या ग्लोबल मिथेन प्लेजमध्ये भारत नाही, चीनही नाही. आपल्या सरकारचं म्हणणं, आपला बराचसा मिथेन जनावरं आणि भातशेतीतून येतो आणि तो पोटासाठीचा आहे, चैनीचा नाही. ते म्हणणं मला मान्य आहे. परंतु तेलक्षेत्रातली गळती पोटासाठी नसते हो. तो विकायचा माल आहे, तोच वाया जातो.

मी बॉम्बे हायवर (मुंबईजवळच्या समुद्रातलं तेलक्षेत्र) नोकरी केली, जुहूहून हेलिकॉप्टर, १४ दिवस वर आणि १४ दिवस घरी, आयडी त्यावरूनच. १९७४ मध्ये सागर सम्राट या ड्रिलिंग रिगने तिथे तेल शोधलं, १९७६ मध्ये उत्पादन सुरू झालं. सुरुवातीला सगळ्यांना तेल हवं होतं, त्याबरोबर येणाऱ्या गॅसला गिऱ्हाईकच नव्हतं, बराचसा जाळावा लागे. नंतर उरणपर्यंत पाइपलाइन, थळचा खत कारखाना, पुढे हजीराहून उत्तरेत जाणारी मोठी लाइन, तेव्हा कुठे गॅसला भाव आला. भाव आला की गळती आपोआप कमी होते, हे चार पुस्तकांपेक्षा मला तिथे जास्त कळलं.

माणदेशी, तुम्हाला एक विचारतो. आमच्याकडे गॅस डिटेक्टर जागोजागी होते, २० टक्के एलईएलला अलार्म वाजे. तुमची मर्यादा काय?

माणदेशी_मिडलंड | सोमवार, १०:४५

काका, हाच प्रश्न हवा होता मला!

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, एलईएल म्हणजे हवेत किती गॅस झाला की ठिणगीने पेट घेईल ती खालची मर्यादा. मिथेनला ती ५ टक्के, म्हणजे दहा लाखात ५०,००० भाग. त्याच्या २० टक्के म्हणजे १०,००० ला काकांचा अलार्म. आमच्याकडे हातातल्या मीटरने तपासलं तर ५०० ला गळती लिहितात. वीसपट फरक. म्हणजे सेफ्टीवाला म्हणेल सगळं ठीक आहे, आणि तो खरंच बोलत असतो, स्फोट होणार नाही. पण गॅस चाललेला असतो. उघड्या मैदानात तर वारा एवढा की अलार्म कधी वाजायचाच नाही.

म्हणून सुरक्षेचे नियम आहेत म्हणजे मिथेनचे आहेत असं होत नाही. ही गल्लत इथे अमेरिकेतले ऑपरेटरसुद्धा करतात, मुद्दाम किंवा खरंच न कळून.

हेलिकॉप्टर_१४ | सोमवार, ११:१०

बरोबर. आमचं सगळं लक्ष आग लागू नये यावर, आणि समुद्रात ते असायलाच हवं, २००५ ची बॉम्बे हायची आग ज्यांनी पाहिली ते विसरणार नाहीत. आपल्या १९९६ च्या पर्यावरण नियमांत कोल्ड व्हेंटिंग (न जाळता गॅस हवेत सोडणं) करू नका, गॅस जाळा असं आहे, रिफायनऱ्यांना २००८ पासून गळती-तपासणीही आहे पण ती मुख्यतः बेंझीनसारख्या व्हीओसीसाठी (हवेत उडून जाणारी रसायनं). मिथेन म्हणून मिथेन मोजा असं आमच्या वेळी कोणी सांगितलं नव्हतं.

स्वयंपाकघरातून | सोमवार, १३:२५

माझा प्रश्न बाळबोध वाटेल पण विचारते. सिलेंडर आला की माझी आई रेग्युलेटरला साबणाचा फेस लावून बघायची, बुडबुडे आले की परत पाठवायची. आता पाइपचा गॅस आलाय. तो मिथेनच ना? त्याला तर वास येतो, मग तुम्ही वास नाही कसं म्हणता?

माणदेशी_मिडलंड | सोमवार, २०:००

ताई, अजिबात बाळबोध नाही. सिलेंडरमध्ये प्रोपेन-ब्यूटेन, पाइपमध्ये मुख्यतः मिथेन. वास दोन्हीकडे मुद्दाम घातलेला असतो, मर्कॅप्टन, तो सडक्या कोबीसारखा येतो तो. विहिरीवरच्या गॅसमध्ये तो घातलेला नसतो. आणि आईंची पद्धत आम्ही अजून वापरतो. कॅमेऱ्यात लोट दिसला पण नेमका कुठल्या आट्यातून येतोय ते कळेना की स्प्रेच्या बाटलीत साबणाचं पाणी. लाख डॉलरच्या कॅमेऱ्याशेजारी तीन डॉलरची बाटली लटकलेली असते माझ्या.

आणि एक संबंध सांगतो. २०१८ मध्ये ३० मार्चला लुइझियानाच्या सबीन पासवरून आलेलं गेलच्या (आपल्या सरकारी गॅस कंपनीच्या) करारातलं एलएनजीचं, म्हणजे थंड करून द्रव केलेल्या गॅसचं, पहिलं जहाज दाभोळला लागलं. अमेरिकेतल्या पाइपलाइनी एकमेकींना जोडलेल्या, त्यात पर्मियनचाही गॅस जातो. म्हणजे गॅस्केट इकडे तडकलेला आणि चहा तिकडे उकळतोय असं असू शकतं. हे ठोकळेबाजसाठी पण.

ठोकळेबाज | सोमवार, २०:२०

वा. म्हणजे गळती यांची आणि पाप चहावाल्याचं.

मीनल_स्टाव्हांगर | सोमवार, २३:४०

मी नॉर्वेत तेलक्षेत्रातच आहे (डेटाचं काम, पाना हातात धरलेला नाही कधी). इथे १९९१ पासून समुद्रातल्या तेल-वायूवर कार्बन कर आहे आणि सुरक्षेखेरीज फ्लेअर (नको असलेला गॅस जाळायची उंच नळी) पेटवायची परवानगीच नाही, तीही किती गॅस ते ठरवून. त्यामुळे इथली गळती जगात सगळ्यात कमी असणाऱ्यांत मोडते. पण उगाच नॉर्वेचे गोडवे गायला नाही आले, इथे मोठे मोठे मोजके प्लॅटफॉर्म आहेत, लक्ष ठेवणं सोपं. टेक्सासमध्ये लाखो विहिरी, त्यातल्या कित्येक दिवसाला बॅरलभर तेल देणाऱ्या, त्यांना हे कसं लागू करणार ते मला खरंच कळत नाही.

युरोपचा नियम मात्र महत्त्वाचा. ऑगस्ट २०२४ पासून लागू झालाय, त्यात गळती-तपासणी सक्तीची, नेहमीचं व्हेंटिंग-फ्लेअरिंग बंद, आणि पुढच्या टप्प्यात बाहेरून येणाऱ्या तेल-वायूलाही 'तुम्ही मोजलंय का दाखवा' असा प्रश्न. त्यावर अमेरिका आणि कतारकडून भरपूर ओढाताण चाललीये. ज्याला मोजून दाखवता येईल त्याचा माल जाणार, निदान कल्पना तरी अशी आहे.

गणिताचा_मास्तर | मंगळवार, ०७:१५

पण मोजायचं कोणी आणि कशाने? कॅमेरा किती टन ते सांगतो का?

माणदेशी_मिडलंड | मंगळवार, २१:३०

नाही सर, तीच तर गोम आहे. कॅमेरा 'आहे' एवढंच सांगतो. किती ते सांगत नाही, वारा कसा आहे मागे आभाळ आहे की गरम जमीन यावर लोट मोठा-लहान दिसतो, मी स्वतः सकाळी 'बारीक' लिहिलेली गळती दुपारी परत बघून 'मोठी' केलीये. किती ते कळायला गळतीभोवती पिशवी बांधून किंवा पंपाने सगळा गॅस ओढून मोजतात, पण ते एका व्हॉल्व्हला ठीक, टाकीच्या डोक्यावर कोण चढणार.

मग वरून. विमान, ड्रोन, उपग्रह. यातली माझी आवडती गोष्ट तुर्कमेनिस्तानची. जानेवारी २०१९ मध्ये कॅनडाच्या जीएचजीसॅट कंपनीचा क्लेअर नावाचा छोटा उपग्रह तिथला एक चिखलाचा ज्वालामुखी बघत होता, आणि फ्रेमच्या कडेला भलताच मोठा लोट दिसला, तो निघाला कोरपेझे नावाच्या तेल-वायू क्षेत्रातून. शोधत होते एक आणि सापडलं दुसरं. सरकारी पातळीवरून निरोप गेल्यावर काही महिन्यांनी तो थांबला. जुनी चित्रं काढून बघितली तर तो आधीपासून चालू होता! कोणाच्याच कागदावर नाही.

ओहायोतही तसंच, फेब्रुवारी २०१८ मध्ये एका विहिरीचा ब्लोआउट झाला (विहीर ताब्याबाहेर उसळली), २० दिवस चालला, युरोपच्या उपग्रहाने नंतर ताशी १२० टन काढले. आणि कझाकस्तानात काराटुरनला २०२३ मध्ये जूनपासून डिसेंबरपर्यंत विहीर उसळत राहिली, सव्वा लाख टनांच्या वर मिथेन.

पण उपग्रहाला ढग चालत नाहीत, पाणी चालत नाही (समुद्रावरचं मोजणं फार अवघड, काकांच्या प्लॅटफॉर्मचं म्हणूनच कठीण), आणि बारीक गळती दिसत नाही. मिथेनसॅट म्हणून एक छान उपग्रह होता, सबंध बेसिनचं एकत्र मोजणारा, पर्यावरणवाल्या संस्थेने देणग्या जमवून सोडलेला. मार्च २०२४ ला अवकाशात गेला आणि २० जून २०२५ ला संपर्क तुटला. आमच्या ऑफिसात त्या दिवशी दोन गट होते, एक हळहळणारा आणि एक चहा पाजणारा. मी कुठल्या गटात होतो ते सांगत नाही.

उरणची_पोर | मंगळवार, २२:१५

मी वाचतेय गुपचूप. लहानपणी आमच्याकडं रात्री आभाळ तांबूस दिसायचं प्लांटच्या बाजूला, आजी म्हणायची कंपनीचा दिवा. मोरा बंदरावरून लाँचने येताना पण दिसायचा. आम्हाला वाटायचं आग म्हणजे वाईट, न जळता गेला तर बरं. म्हंजे उलटं आहे का?

माणदेशी_मिडलंड | मंगळवार, २३:०५

उलटंच आहे. जाळला तर बहुतेक कार्बन डायऑक्साइड होतो, न जळता गेला तर मिथेन. तांबूस आभाळ दिसत होतं म्हणजे निदान दिवा पेटलेला होता. पेटलेल्या फ्लेअरपेक्षा विझलेल्या फ्लेअरला आम्ही जास्त घाबरतो. नळी तीच, गॅस तोच, फक्त वर ज्योत नाही, आणि डोळ्याला तर छान स्वच्छ दिसतं सगळं.

हिशोबात धरतात की फ्लेअर ९८ टक्के गॅस जाळते. २०२२ मध्ये अमेरिकेतल्या तीन मोठ्या तेलक्षेत्रांवरून विमान फिरवून मोजलं तर प्रत्यक्षात ९१ च्या आसपास निघालं, काही नीट जळत नाहीत आणि काही विझलेल्याच. ९८ आणि ९१, ऐकायला किरकोळ वाटतं, पण न जळलेला भाग २ चा ९ झाला, चौपटीच्या वर. मास्तर, हे पण वर्गात घ्या.

गणिताचा_मास्तर | बुधवार, ०७:००

घेतलं.

ठोकळेबाज | बुधवार, ०९:४५

बरं मान्य, गळतोय. मग विकायचा माल आहे तर हे लोक स्वतःहून का थांबवत नाहीत? अमेरिकेतला भांडवलदार पैसा हवेत सोडतो हे पटत नाही.

माणदेशी_मिडलंड | बुधवार, २१:५०

ठोकळेबाज, हा खरा प्रश्न विचारलात, वाकडं तोंड करून का होईना. पर्मियनमध्ये पैसा तेलात आहे, गॅस हा सोबत आलेला. पाइपलाइन अपुरी पडली की वाहा नावाच्या गॅस खरेदी-विक्रीच्या केंद्रावर गॅसचा भाव शून्याखाली जातो, २०२४ मध्ये तर कित्येक दिवस तसा होता. म्हणजे गॅस घेऊन जा आणि वर पैसेही घ्या. अशा वेळी गॅस्केट कोण बदलतंय! काकांनी लिहिलं ना गिऱ्हाईक नव्हतं म्हणून जाळायचे, तीच गोष्ट, फक्त पन्नास वर्षांनी.

म्हणून नियम लागतो. आणि नियमाची इकडे काय गंमत आहे बघा. टेक्सासात तेल-वायूवर देखरेख करणाऱ्या खात्याचं नाव रेलरोड कमिशन, रेल्वेशी आता काडीचा संबंध नाही, नाव तेवढं राहिलं. ते फ्लेअरिंगच्या सवलती वाटण्यात सढळ. रस्ता ओलांडून न्यू मेक्सिकोत गेलं की २०२१ पासून नियम, नेहमीचं व्हेंटिंग-फ्लेअरिंग बंद, आणि २०२६ संपेपर्यंत ९८ टक्के गॅस पकडून दाखवा. खडक तोच, पुष्कळदा कंपनीही तीच. आणि विमानातून मोजल्यावर न्यू मेक्सिकोच्या बाजूचं गळतीचं प्रमाण टेक्सासच्या निम्म्याहून कमी निघालं. मला एवढा स्वच्छ पुरावा दुसरा माहीत नाही. मी स्वतः दोन्हीकडे जातो, पलीकडे गेलं की पंपर आधीच पाना घेऊन उभा असतो.

केंद्र सरकारचं मात्र झोपाळ्यासारखं. २०१६ ला मिथेनचे नियम आले, २०२० ला काढले, २०२१ ला परत आले, डिसेंबर २०२३ ला कडक केले, त्यात ते गॅसच्या दाबावर चालणारे न्यूमॅटिक कंट्रोलर (दर वेळी व्हॉल्व्ह हलला की चिक् फुस्स करून गॅस हवेत, तसंच डिझाइन आहे, बिघाड नाही!) बदलायला सांगितले. जादा गळतीवर टनामागे ९०० डॉलरपासून दंडवजा आकार होता, १५०० पर्यंत जाणार होता, तो नियम २०२५ च्या मार्चमध्ये रद्द झाला आणि वसुली कायद्यानेच २०३४ पर्यंत ढकलली. बाकीच्या मुदतीही पुढे गेल्या. आमच्याकडे त्या महिन्यात तीन क्रू कमी केले, मी वाचलो.

मीनल_स्टाव्हांगर | बुधवार, २३:५५

बापरे, ते लिहिलं नव्हतंस. काळजी घे.

आणि न्यू मेक्सिकोच्या मुद्द्यात थोडी भर घालते, तिकडच्या विहिरी नव्या आहेत, उत्पादन जास्त म्हणून टक्केवारी कमी दिसते, सगळं श्रेय नियमाला नको. आमच्याकडे पण हाच वाद असतो.

माणदेशी_मिडलंड | गुरुवार, ०६:२०

मान्य, तो भाग आहेच. 'स्वच्छ पुरावा' मागे घेतो, 'बराच चांगला पुरावा' म्हणा :)

हेलिकॉप्टर_१४ | गुरुवार, १०:००

माणदेशी, एक सुचवू का? आपल्याकडे आसामात बाघजानला २७ मे २०२० ला विहीर उसळली, ९ जूनला आग लागली, पूर्ण आटोक्यात यायला नोव्हेंबर उजाडला. त्या पहिल्या तेरा दिवसांत न जळता जो गॅस गेला त्याबद्दल कोणी बोललंच नाही, सगळे फोटो आगीचे. माणसं गेली, पाणथळ जागा गेली, ते दुःख मोठं आहेच. परंतु तुमच्या धाग्यामुळे आज पहिल्यांदा त्या तेरा दिवसांचा विचार केला.

माणदेशी_मिडलंड | गुरुवार, २१:१५

काका, अगदी. दिसतं त्याचा फोटो निघतो. कॅलिफोर्नियात अलिसो कॅन्यनला २३ ऑक्टोबर २०१५ ला भूमिगत साठ्याची विहीर फुटली, फेब्रुवारीपर्यंत जवळजवळ १ लाख टन मिथेन गेला, हजारो कुटुंबं घर सोडून गेली, पण देशभर बोंब कधी झाली तर डिसेंबरात इन्फ्रारेड व्हिडिओ आला तेव्हा. टेकडीवरून काळा लोट शहरावर उतरतोय असा. त्या विहिरीतला खालचा सेफ्टी व्हॉल्व्ह १९७९ मध्येच काढून टाकला होता, तो परत बसवला नव्हता.

स्वयंपाकघरातून | शुक्रवार, १२:४०

त्या टाकीच्या गॅस्केटचं काय झालं शेवटी? बदलला का?

माणदेशी_मिडलंड | पुढचा गुरुवार, २२:३०

ताई, उत्तर द्यायला उशीर झाला, आज परत तीच बॅटरी होती. पहिल्या दुरुस्तीला ३० दिवस मिळतात, यांनी आठव्या दिवशी केली, पंपरनेच मागे लागून. नवीन काळा कुळकुळीत गॅस्केट, कॅमेऱ्यात काही नाही, साबण लावला, बुडबुडा नाही. पंपरने स्वतः कॅमेरा मागून घेतला आणि सहाही टाक्या बघितल्या. मग तसाच फिरवत कुंपणाकडे वळला आणि थांबला. फ्लेअरची पायलट (ती पेटती ठेवणारी छोटी ज्योत) विझलेली होती. कधीपासून, माहीत नाही. फोन लावलाय, नोंद केलीये.

उरणची_पोर | पुढचा गुरुवार, २२:४५

पेटली का मग?

माणदेशी_मिडलंड | पुढचा गुरुवार, २३:१०

मी निघेपर्यंत नाही. उद्या सकाळी तिकडूनच जातो, बघून सांगतो.